विंडोज सोडून मिंटवर आलो: स्पीकर कधी मुके, हेडफोनमध्ये खरखर, हेडसेटचा माइक गायब

सह्यकडा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. माझ्या लॅपटॉपमधला प्रोसेसर सातव्या पिढीचा, आय-5 7200यू, म्हणजे विंडोज 11 च्या यादीत तो बसत नाही. म्हणून लिनक्स मिंट 22.2 ची सिनॅमन आवृत्ती टाकली. डिजिटल सहीचं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, तेवढ्यासाठी जुनं विंडोज शेजारच्या पार्टिशनवर तसंच ठेवलं आहे. वायफाय, प्रिंटर, ब्राइटनेसची बटणं सगळं नीट चालतंय. आवाजाचं मात्र काही खरं नाही.

विंडोजमधून रीस्टार्ट करून मिंटमध्ये आलं की बऱ्याचदा स्पीकर मुके असतात. व्हॉल्यूमची पट्टी हलते, गाणं चालू असताना पातळीची रेघही नाचते, पण बाहेर आवाज नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू केला की येतो.

हेडफोन लावल्यावर काही वाजत नसलं तरी मागे बारीक 'स्स्स' चालूच राहतं. शिवाय आवाज सुरू होताना आणि थांबल्यावर थोड्या वेळाने 'टक्' होतं. हाच हेडफोन विंडोजमध्ये शांत आहे.

मोबाइलबरोबर येतो तसला हेडसेट लावला तर ऐकू येतं, पण त्याचा माइक दिसत नाही. इनपुटच्या यादीत फक्त लॅपटॉपचा आतला माइक आहे.

आणि एचडीएमआयने टीव्ही जोडला तर आवाज तिकडे जातो, केबल काढल्यावर परत येत नाही.

माहिती: कर्नल (सिस्टीमचा गाभा) 6.14, साउंड सर्व्हर (सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज कार्डापर्यंत नेणारा) पाइपवायर, कार्ड 'एचडीए इंटेल पीसीएच', चिप रिअलटेक एएलसी256. नेटवर बऱ्याच ठिकाणी 'अल्सा-बेस आणि पल्सऑडिओ पर्ज करून (सेटिंगसकट काढून) पुन्हा टाका' असा सल्ला आहे. तो करून बघू का?

तांब्याची_तार

पर्ज अजिबात करू नका. तो सल्ला पल्सऑडिओच्या, म्हणजे जुन्या साउंड सर्व्हरच्या, काळातला आहे. मिंट 22 पासून साउंड सर्व्हर पाइपवायर आहे. उबुंटूत हा बदल 22.10 ला झाला, फेडोरात त्याच्याही आधी, 34 ला. आता पल्सऑडिओ नव्याने टाकलं तर दोन सर्व्हर एकाच कार्डावर हक्क सांगतात. शिवाय पर्जच्या आज्ञेबरोबर डेस्कटॉपची इतर पॅकेजंही निघू शकतात, आणि 'वाय' दाबण्याआधी ती यादी कुणी वाचत नाही. 'स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये टाका' हाही तसलाच जुना सल्ला. आजच्या डेस्कटॉपवर त्याची गरज नाही, उलट एकाच मशीनवर दोन वापरकर्ते असतील तर त्याने नवीन घोळ होतो.

आवाज कुठल्या टप्प्यावर अडतोय ते आधी बघू. टप्पे चार: ब्राउझरसारखा प्रोग्रॅम, त्याखाली पाइपवायर, त्याखाली कर्नलमधली अल्सा (साउंड कार्डांचे ड्रायव्हर) आणि सगळ्यात खाली मदरबोर्डवरची कोडेक चिप. तुमची रेघ नाचते आहे, म्हणजे प्रोग्रॅमपासून पाइपवायरपर्यंत आवाज पोचतोय. अडचण त्याच्या खाली आहे. वरच्या दोन टप्प्यांतल्या सेटिंगना हात लावून काही हाती लागणार नाही.

पुढच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाका, आणि मी वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान.

स्पीकर मुके असतील त्याच वेळी हे करा. 'एप्ले -एल' ने कार्डांची यादी येईल. त्यात 'पीसीएच' नावाच्या कार्डाचा क्रमांक आणि 'अ‍ॅनालॉग' लिहिलेल्या उपकरणाचा क्रमांक बघा, बहुधा 0 आणि 0 असतील. त्याच कार्डाखाली एचडीएमआयची उपकरणं 3, 7, 8 अशी दिसतील. मग सगळे प्लेअर बंद करून दहा सेकंद थांबा, म्हणजे पाइपवायर कार्ड सोडून देतं, आणि हे चालवा: 'स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:0,0 -सी 2 -टी वेव्ह'. यातला डी मोठ्या अक्षरात, आणि वेव्ह म्हणजे डब्ल्यू, ए, व्ही ही तीनच अक्षरं. डावीकडून आणि उजवीकडून बाईचा आवाज 'फ्रंट लेफ्ट', 'फ्रंट राइट' म्हणायला हवा. ही चाचणी पाइपवायरला वगळून थेट कार्डाशी बोलते. 'डिव्हाइस बिझी' आलं तर कार्ड अजून कुणीतरी धरून बसलंय.

इथेही शांतता असेल तर 'अल्सामिक्सर' उघडा. उघडल्यावर एकच पट्टी दिसेल, ती पाइपवायरची. एफ6 दाबून 'एचडीए इंटेल पीसीएच' निवडा, तेव्हा खरे कंट्रोल दिसतात. मास्टर, स्पीकर, हेडफोन, पीसीएम या पट्ट्यांच्या तळाशी दोन एम दिसत असतील तर ती पट्टी म्यूट आहे. एमचं बटण दाबलं की तिथे दोन शून्यं येतात. उजवीकडे टोकाला 'ऑटो-म्यूट मोड' असेल. तो चालू असताना जॅकमध्ये प्लग आहे असं चिपला वाटलं की स्पीकर बंद होतो. हेडफोन काढलेला असूनही स्पीकर मुका असेल तर तो थोडा वेळ 'डिसेबल्ड' करून बघा. तेवढ्याने आवाज आला तर जॅकमधली धूळ किंवा दबलेली पत्ती हेच कारण.

तुमच्या बाबतीत मात्र पट्ट्या नीट दिसतील आणि तरी आवाज नसेल, असं वाटतं. विंडोजमधून रीस्टार्ट केल्यावरच हे होतंय. रीस्टार्टमध्ये चिपचा वीजपुरवठा तुटत नाही. विंडोजच्या ड्रायव्हरने तिच्या आत लिहिलेल्या सेटिंग तशाच राहतात, आणि लिनक्सचा ड्रायव्हर त्यातल्या सगळ्याच पुन्हा लिहीत नाही. पूर्ण बंद केलं की वीज जाते, चिप मूळ अवस्थेत येते आणि आवाज येतो.

म्हणून विंडोजमधून मिंटमध्ये येताना 'रीस्टार्ट' कधीच नको, 'शट डाउन' करून मग चालू करा. त्याआधी विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'पॉवर बटणं काय करतात' ते पान, आणि तिथली खूण काढा. ते चालू असताना शट डाउन म्हणजे अर्धं हायबरनेट असतं, ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते. त्याचा दुसरा त्रासही आहे: विंडोजचं पार्टिशन मिंटमध्ये फक्त वाचण्यापुरतं उघडतं. पान सापडलं नाही तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या. त्याने विंडोजचं हायबरनेट पूर्णच बंद होईल, ते वापरत असाल तर पहिलाच मार्ग बरा.

एखाद वेळी मुक्या अवस्थेत अडकलातच, तर सस्पेंड करून जागं करा, त्यात ड्रायव्हर चिपला नव्याने सुरू करतो. नाही जमलं तर बंद करा, चार्जर काढा आणि पॉवर बटण 15 ते 20 सेकंद दाबून धरा.

मध्यमसप्तक

खरखर आणि 'टक्' हे दोन वेगळे आजार आहेत, एकाच औषधाने दोन्ही जाणार नाहीत.

आधी सततचा 'स्स्स'. एएलसी256 असलेल्या काही लॅपटॉपांत 'हेडफोन माइक बूस्ट' हा कंट्रोल शून्यावर असला की हेडफोनमध्ये खरखर येते आणि एक पायरी वर नेला की जाते. नावावरून तो माइकचा वाटतो, म्हणून बहुतेक जण तिकडे बघतच नाहीत. अल्सामिक्सरमध्ये एफ6 ने कार्ड निवडा, एफ5 ने सगळे कंट्रोल दाखवा, बाणाने त्या पट्टीपर्यंत जा आणि वरचा बाण एकदाच दाबा. त्या पट्टीला चारच पायऱ्या आहेत: 0, 10, 20, 30 डेसिबल. आपल्याला 10 हवंय. फरक पडणार असेल तर बाण दाबताक्षणी कळतो.

पडला, तर 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' ने सेटिंग जपा (सुडो म्हणजे आज्ञा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने चालवणं). पण तेवढ्याने भागेलच असं नाही. इनपुट बदललं की पाइपवायर हा कंट्रोल पुन्हा शून्यावर नेऊ शकतं, कारण त्याच्या मिक्सरच्या फाइलींत वापरात नसलेले बूस्ट बंद ठेवण्याची सूचना असते. म्हणून मिंटच्या 'स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स' मध्ये नवीन कमांड घाला: 'एमिक्सर -सी पीसीएच सीसेट "नेम=हेडफोन माइक बूस्ट व्हॉल्यूम" 1'. पीसीएच मोठ्या अक्षरांत. कंट्रोलच्या नावातल्या चारही शब्दांचं पहिलं अक्षर मोठं. डिले 10 सेकंद ठेवा, म्हणजे पाइपवायर आपलं काम उरकल्यावर ही कमांड चालेल. हा कंट्रोल तुमच्याकडे नसेलच, तर 'हेडसेट माइक बूस्ट' किंवा नुसता 'माइक बूस्ट' दिसतो का बघा, पण खात्री एएलसी256 आणि वरच्या नावापुरतीच देतो.

आता 'टक्'. काही वाजत नसलं की दोन जण चिपला झोपवतात. वायरप्लंबर, म्हणजे पाइपवायरचा व्यवस्थापक, 5 सेकंद शांतता झाली की कार्ड सोडतो. त्यानंतर कर्नलचा ड्रायव्हर 'पॉवर_सेव्ह' मध्ये दिलेले सेकंद मोजून चिपची वीज कमी करतो. झोपताना आणि उठताना हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरचा व्होल्टेज उडी मारतो, तो 'टक्'. मेसेजचा टोन अर्धा कापला जात असेल तर त्याचंही कारण हेच: चिप उठेपर्यंत टोन संपतो.

तात्पुरती चाचणी अशी: 'एको 0 | सुडो टी /सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह'. यातला सिस म्हणजे एस, वाय, एस ही तीन अक्षरं, आणि टी म्हणजे टी, ई, ई. 'टक्' थांबला तर कायमचं करा: '/ईटीसी/मॉडप्रोब.डी/' फोल्डरमध्ये 'आवाज.कॉन्फ' सारख्या नावाची फाइल, तीत एकच ओळ, 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=0', आणि रीस्टार्ट. बॅटरी टिकवायला टीएलपी टाकलं असेल तर तेही आपला आकडा लिहितं आणि तुमची ओळ निष्प्रभ होते. तेव्हा टीएलपीच्या फाइलीत 'साउंड_पॉवर_सेव्ह_ऑन_एसी' आणि 'साउंड_पॉवर_सेव्ह_ऑन_बॅट' हे दोन्ही 0 करा, ही नावं मोठ्या अक्षरांत असतात.

घाटवाट

मध्यमसप्तक, पॉवर_सेव्ह सरसकट 0 करणं मला पटत नाही. चिप जागी राहिली की कंट्रोलरही जागा राहतो, जुन्या बॅटरीला ते जाणवतं. 0 ऐवजी 60 ठेवलं तर व्हिडिओ आणि कॉलच्या मधल्या विश्रांतीत 'टक्' होत नाही, आणि लॅपटॉप नुसता पडून असेल तेव्हा चिप झोपते. सह्यकडा, चार्जरवरच काम करत असाल तर 0 चालेल.

माइककडे येतो. मोबाइलच्या हेडसेटचा प्लग 3.5 मिमीचा आणि चार भागांचा असतो. टोकापासून डावा, उजवा, ग्राउंड आणि बुडाशी माइक, ही आजची सर्वत्र चालणारी मांडणी, तिला सीटीआयए म्हणतात. जुन्या काही हेडसेटमध्ये शेवटचे दोन उलटे असतात, ती ओएमटीपी. माइकचं बटण दाबून धरल्यावरच गाणं नीट ऐकू येत असेल तर तुमच्याकडे उलटी मांडणी आहे. त्यासाठी छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो, लिनक्समध्ये शोधाशोध करू नका.

मांडणी बरोबर असेल, तर अडचण अशी की बायोसने कर्नलला या जॅकमध्ये माइकची पिन आहे हे सांगितलेलंच नसतं. विंडोजचा ड्रायव्हर ती माहिती स्वतःबरोबर आणतो. लिनक्समध्ये ती कर्नलच्या अपवादांच्या यादीत असावी लागते, नाहीतर आपण द्यावी लागते.

'अल्सा-टूल्स-जीयूआय' पॅकेज टाका आणि 'एचडीएजॅकरीटास्क' उघडा. वर रिअलटेकचं कोडेक निवडा, एचडीएमआयचं नव्हे. उजवीकडे 'शो अनकनेक्टेड पिन्स' वर खूण करा. एएलसी256 मध्ये साधारणपणे 0x12 हा आतला डिजिटल माइक, 0x14 स्पीकर आणि 0x21 हेडफोन. या तिघांना हात लावू नका. हेडसेटचा माइक बहुतेक वेळा 0x19 वर असतो, नाहीतर 0x1ए वर. 0x19 समोर 'ओव्हरराइड' वर खूण करून 'मायक्रोफोन' निवडा. 'अ‍ॅप्लाय नाऊ' बहुधा चुकेल, कारण पाइपवायरने कार्ड धरलेलं असतं. ती चूक सोडवत बसू नका, सरळ 'इन्स्टॉल बूट ओव्हरराइड' दाबा आणि रीस्टार्ट करा. हेडसेट लावून साउंड सेटिंगच्या इनपुटमध्ये नवीन माइक आला का बघा आणि फुंकर घाला, रेघ हलायला हवी. नाही हलली तर त्याच प्रोग्रॅममध्ये 'रिमूव्ह बूट ओव्हरराइड' करून 0x1ए वर तेच. एका वेळी एकच पिन, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

दोन्ही पिनांनी काम झालं नाही तर ओव्हरराइड काढून दुसरा मार्ग: मध्यमसप्तकांनी सांगितलेल्या फाइलीत 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल मॉडेल=हेडसेट-मोड'. हा तयार नमुना कर्नलमध्येच आहे आणि जॅकला हेडफोन, हेडसेट, माइक अशा तिन्ही रूपांत वागायला लावतो. एचडीएमआय हे वेगळं कार्ड म्हणून 0 क्रमांकावर आणि पीसीएच 1 वर असेल तर 'मॉडेल=,हेडसेट-मोड' असं लिहा, सुरुवातीच्या स्वल्पविरामासकट. नाहीतर नमुना भलत्याच कार्डाला लागतो आणि लोक म्हणतात की ओळीचा काही उपयोग नाही.

टीव्हीचं सोपं आहे. 'पावूकंट्रोल' टाका. शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये कार्डाचं प्रोफाइल एचडीएमआयवर अडकलेलं दिसेल, ते 'अ‍ॅनालॉग स्टीरिओ ड्यूप्लेक्स' करा. एकाच कार्डावर अ‍ॅनालॉग आणि एचडीएमआय असले की एका वेळी एकच प्रोफाइल चालतं, म्हणून केबल काढल्यावर ते मागे फिरत नाही. 'प्रो ऑडिओ' निवडू नका, त्यात जॅकची अदलाबदल बंद पडते. प्रोफाइल बदलूनही जुनंच परत येत असेल तर होम फोल्डरमधल्या '.लोकल/स्टेट/वायरप्लंबर' या फोल्डरचं नाव बदला आणि 'सिस्टीमसीटीएल --यूजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स' द्या. जपून ठेवलेल्या निवडी त्या फोल्डरमध्ये असतात, तो नव्याने तयार होतो. या आज्ञेला सुडो लावू नका, कारण ही सेवा तुमच्या खात्याची आहे.

पानगळ

याच धाग्यात विचारतो. लॅपटॉप बाराव्या पिढीच्या इंटेलचा, डेबियन 12 टाकलंय, कर्नल 6.1. साउंड सेटिंगमध्ये फक्त 'डमी आउटपुट' दिसतं. एका ठिकाणी वाचून 'डीएसपी_ड्रायव्हर=1' ही ओळ घातली, तेव्हा स्पीकर वाजू लागले पण आतला माइक नाहीसा झाला. दोन्ही मिळायला काय करू?

तांब्याची_तार

पानगळ, तुमचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. सह्यकडांच्या लॅपटॉपात कार्ड दिसतंय आणि सेटिंग चुकली आहे. तुमच्याकडे कार्डच उभं राहत नाही. 'डमी आउटपुट' म्हणजे पाइपवायरला खाली एकही कार्ड सापडलेलं नाही.

नव्या इंटेल लॅपटॉपांत आतले डिजिटल माइक रिअलटेकच्या चिपला जोडलेलेच नसतात, ते थेट इंटेलच्या चिपसेटमधल्या डीएसपीला, म्हणजे आवाज हाताळणाऱ्या छोट्या प्रोसेसरला, जोडलेले असतात. त्या डीएसपीला चालायला फर्मवेअर लागतं, साउंड ओपन फर्मवेअर, म्हणजे सॉफ. 'डीएसपी_ड्रायव्हर=1' ने तुम्ही कर्नलला डीएसपी सोडून जुन्या पद्धतीने रिअलटेकशी बोलायला सांगितलं. स्पीकर रिअलटेकवर आहेत म्हणून वाजले, माइक डीएसपीवर आहेत म्हणून गेले. ती ओळ काढून टाका.

ओळ काढून रीस्टार्ट केल्यावर 'सुडो डीएमईएसजी | ग्रेप सॉफ' चालवा. त्यात 'फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -2' अशा अर्थाची ओळ असेल. उणे 2 म्हणजे फाइल सापडली नाही, यंत्र बिघडलेलं नाही. '/ईटीसी/अ‍ॅप्ट/सोर्सेस.लिस्ट' मध्ये 'मेन' च्या पुढे 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा शब्द आहे का बघा. हा विभाग डेबियन 12 पासून वेगळा झाला, त्यामुळे जुने लेख वाचून नुसतं 'नॉन-फ्री' घातलं तर पॅकेज मिळत नाही. मग 'अ‍ॅप्ट अपडेट', आणि 'अ‍ॅप्ट इन्स्टॉल फर्मवेअर-सॉफ-साइन्ड अल्सा-यूसीएम-कॉन्फ'. दुसरं पॅकेज बहुधा आधीच असेल. स्पीकर, हेडफोन, माइक कुठल्या वाटेने जोडायचे याचे नकाशे त्यात असतात, ते जुनं असेल तर कार्ड दिसतं पण आवाज येत नाही. मग पूर्ण बंद करून चालू करा. फेडोरावर हेच पॅकेज 'अल्सा-सॉफ-फर्मवेअर' नावाने आहे, आर्चवर 'सॉफ-फर्मवेअर'.

फर्मवेअर नीट चढलं आणि तरी स्पीकर मुके, पण हेडफोन वाजतो, असं झालं तर लॅपटॉपात स्पीकरसाठी वेगळे स्मार्ट अ‍ॅम्प्लिफायर असण्याची शक्यता मोठी. सिरस लॉजिकचा सीएस35एल41 हा नेहमी भेटणारा. त्यांना जागं करणारा कोड आणि लॅपटॉपाच्या मॉडेलची नोंद, दोन्ही कर्नलमध्ये लागतात. तिथे सेटिंगने काही होत नाही, बॅकपोर्ट्समधला (डेबियनच्या नव्या पॅकेजांच्या जादा साठ्यातला) नवा कर्नल टाकून बघावा लागतो. मिंटवाल्यांना हेच अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' मध्ये मिळतं. जुना कर्नल काढू नका, बिनसलं तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या मेनूच्या) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून त्यावर परत येता येतं.

रायझन 6000 आणि त्यापुढच्या लॅपटॉपात स्पीकर चालतात पण आतला माइक नाही, अशी तक्रार असते. कारण त्याच जातीचं: त्या माइकचा ड्रायव्हर लॅपटॉपाचं मॉडेल यादीत शोधतो, नाव नसेल तर माइक उभा करत नाही. उपाय नवा कर्नलच. तोवर यूएसबी माइक.

सह्यकडा

मंडळी, मनापासून आभार. फास्ट स्टार्टअप बंद केलं, विंडोजमधून शट डाउन करूनच इकडे येतोय, स्पीकर मुके होणं थांबलं. हेडफोन माइक बूस्ट एक पायरी वर नेताच खरखर जागच्या जागी गेली. पॉवर_सेव्ह 60 ठेवलं. हेडसेटचा माइक 0x19 ने आला. टीव्हीचंही मार्गी लागलं.

दोन गोष्टी उरल्या. ब्लूटूथ हेडफोनवर मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो. आणि स्पीकरचा आवाज विंडोजच्या मानाने पातळ आणि किरटा वाटतो. व्हॉल्यूम 150 टक्क्यांपर्यंत नेला तर फाटतो.

मध्यमसप्तक

ब्लूटूथ: गाणी ऐकताना ए2डीपी प्रोफाइल असतं, स्टीरिओ, पण एकतर्फी. हेडफोनचा माइक मागितला की हेडसेट प्रोफाइलवर जावं लागतं, तिथे आवाज मोनो आणि 8 किलोहर्ट्झचा, एमएसबीसी ही सुधारित पद्धत मिळाली तर 16 चा. ही ब्लूटूथच्या त्या प्रोफाइलचीच मर्यादा आहे, मिंटची नव्हे. मीटिंगच्या प्रोग्रॅममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा आतला माइक निवडा आणि पावूकंट्रोलच्या कॉन्फिगरेशनमध्ये हेडफोनचं प्रोफाइल ए2डीपीवर ठेवा. ऐकणं पूर्ण दर्जाचं राहतं. हेडफोनचाच माइक हवा असेल तर त्याच यादीत एमएसबीसी असलेलं हेडसेट प्रोफाइल निवडा, 8 किलोहर्ट्झचं सीव्हीएसडी नको.

पातळ आवाज: विंडोजमध्ये लॅपटॉप कंपनी त्या छोट्या स्पीकरांसाठी खास इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर ड्रायव्हरबरोबर देते. लिनक्समध्ये तुम्ही ऐकताय तो कुठलीही प्रक्रिया न झालेला आवाज. 100 टक्क्यांच्या वर फक्त आकडे मोठे होतात, ते कमाल मर्यादेला आपटून कापले जातात, म्हणून फाटतो. तेव्हा व्हॉल्यूम 100 वरच ठेवा आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'ईझी इफेक्ट्स' चं फ्लॅटपॅक टाका.

त्यात आउटपुटला आधी इक्वलायझर, नंतर लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा), हाच क्रम ठेवा. इक्वलायझरमध्ये 120 हर्ट्झच्या खालचं हाय-पासने कापा. एवढे छोटे स्पीकर ते वाजवू शकत नाहीत, त्या धडपडीत नुसते थरथरतात, आणि ते काढलं की बाकीच्या आवाजाला जागा होते. 250 ते 400 च्या पट्ट्यात 3 डेसिबल वाढवा, त्याने बोलण्याला अंग येतं. 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये 3 डेसिबल कमी करा, किरटेपणा तिथेच असतो. पट्ट्यात जेवढं वाढवलं तेवढंच इनपुट गेन कमी करा, इथे उणे 3. लिमिटरचा थ्रेशोल्ड उणे 1. मग इनपुट गेन नव्हे, लिमिटरच्या आधीचा इक्वलायझरचा आउटपुट गेन एकेक डेसिबलने वाढवत जा. बायकी आवाजातलं गाणं लावून ऐका, 'स' आणि 'श' चरचरू लागले की एक पायरी मागे या.

ईझी इफेक्ट्स लावल्यावर तुटक आवाज येऊ लागला तर 'पीडब्ल्यू-टॉप' उघडून एररचा रकाना बघा. आकडा वाढत असेल तर प्रोसेसरला वेळ पुरत नाही. 'पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज 0 क्लॉक.फोर्स-क्वांटम 2048' ने बफर मोठा होतो. 48 किलोहर्ट्झला 1024 म्हणजे सुमारे 21 मिलीसेकंद, 2048 म्हणजे 43. व्हिडिओ बघताना तेवढा उशीर जाणवत नाही. हा आकडा लॉगआउटनंतर टिकत नाही, म्हणून चाचणीला निर्धोक आहे. शेवटी 0 दिलं की मूळचं परत येतं.

एक राहिलं. हा प्रीसेट हेडफोनला लागू देऊ नका, तिथे तो वाईट वाटेल. ईझी इफेक्ट्सच्या ऑटोलोडिंगमध्ये स्पीकर आणि हेडफोन वेगळे निवडता येतात. स्पीकरला हा प्रीसेट द्या, हेडफोनला एकही इफेक्ट नसलेला रिकामा प्रीसेट साठवून तो द्या.